तुम्ही विचारलंत म्हणून: स्कॅनर असताना दगड हाताने का काढता?

“स्कॅनर दहा मिनिटांत करतो ते काम तुम्ही दोन-दोन दिवस पेन्सिलीने का करत बसता?” भाच्यापासून ते परिषदेत शेजारी बसलेल्या इंजिनिअरपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारून झालंय. ग्रीक देवळांचे सुटे पडलेले दगड मोजून त्यांची चित्रं काढणं हे माझं काम, ते तुम्हाला ठाऊक आहेच. आजवर मी विषय बदलत आले. पण “तिला जुन्या पद्धतीचा लळा आहे” हे ऐकून ऐकून आता खरंच कंटाळा आलाय, म्हणून एकदाच नीट सांगते.

लळ्याचा काही संबंध नाही. स्कॅनर मीही वापरते. तो मला दगडाचा आकार लाखो बिंदूंमध्ये देतो, आणि तो आकडा माझ्या टेपपेक्षा पक्का असतो. पण ग्रीक पाथरवट दगडाच्या बाजूला कडेकडेने एक अरुंद पट्टा अगदी गुळगुळीत करायचे आणि मधला भाग मुद्दाम खोल, खडबडीत ठेवायचे. दोन दगड फक्त त्या पट्ट्यावर टेकले की सांधा दिसेनासा व्हायचा. हा पट्टा कुठे संपतो, छिन्नीचं काम कुठलं आणि पावसाने झिजवलेलं कुठलं, हे बिंदू सांगत नाहीत. पेन्सिल हातात असली की ते ठरवावंच लागतं, कारण ठरवल्याशिवाय रेघ ओढता येत नाही. दगडाच्या वरच्या अंगाला कधी बोटभर लांबीची खाच असते. तिच्यात पहार घालून वरच्या थरातला दगड रेटलेला असतो, म्हणजे तो दगड नेमका कुठे येऊन बसला हे त्या खाचेवरून कळतं. माझे दोन दिवस यात जातात.

डिडिमाचं उदाहरण मी नेहमी देते. तुर्कस्तानातलं ते अपोलोचं प्रचंड देऊळ अनेक अभ्यासक बघून गेले होते. १९७९ मध्ये वास्तु-अभ्यासक लोथार हासेलबेर्गर यांना तिथल्या भिंतींवर केसाएवढ्या बारीक कोरलेल्या रेघा दिसल्या. त्या देवळाचीच बांधकामाची ड्रॉइंग होती ती. खांबाच्या फुगवट्याची आकृती तर उंची सोळापट आखडून काढलेली. भिंती शेवटी घासून साफ केल्या असत्या तर सगळं गेलं असतं. देऊळ अपुरं राहिलं म्हणून रेघा उरल्या, आणि तिरप्या उन्हात कुणीतरी थांबून बघितलं म्हणून सापडल्या.

इथपर्यंत माझं म्हणणं मला पटतं. पुढचं मी सहसा सांगत नाही.

एका ग्रीक देवळावर कामाचा माझा दुसराच सीझन होता. गर्भगृहाच्या भिंतीतला, अगदी खालच्या थरातला एक दगड माझ्याकडे होता. डाव्या टोकाला उंची ४१.६ सेंटिमीटर. उजव्या टोकाला आकडा थोडा कमी आला. दुपारचं ऊन, टेप तापलेली. मला वाटलं, कड झिजलीये किंवा मी टेप तिरकी धरलीये. वहीत लिहिलेला आकडा खोडरबराने पुसला आणि तिथेही ४१.६ लिहिलं. कॉलेजात वाड्यांची मेजर्ड ड्रॉइंग करताना आम्ही हेच करायचो. भिंत गुण्यात नसली तरी शीटवर काटकोनात यायची, आणि शीट देखणी दिसायची.

ग्रीक देवळाचं जोतं सपाट नसतं, निदान चांगल्या देवळांचं तरी. अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाची लांब बाजू सुमारे ६९.५ मीटर आहे आणि ती मधोमध कोपऱ्यांपेक्षा सुमारे ११ सेंटिमीटर उंच आहे. इंग्रज वास्तुविशारद फ्रान्सिस पेनरोज यांनी १८४६-४७ मध्ये हे काटेकोर मोजलं. अशा जोत्यावर भिंतीचे वरचे थर समतल चढवायचे तर खालच्या थरातले दगड किंचित पाचरीसारखे तासावे लागतात. मधल्या दगडाला उतार जवळजवळ नसतो, कोपऱ्याकडे तो वाढत जातो. पार्थेनॉनच्या जोत्याला कोपऱ्यापाशी दर मीटरला साधारण ६ मिलिमीटर उतार आहे. आमचं देऊळ लहान होतं, पण रीत तीच. म्हणजे मी जे पुसलं, तो त्या दगडाचा पत्ता होता.

दोन वर्षांनी एक सहकारी ती भिंत कागदावर जुळवत होता. माझ्या चित्रावरून त्याने दगड भिंतीच्या मध्यावर ठेवला, आणि पहारीच्या खाचा जुळेनात. आम्ही दोघं दगडापाशी गेलो. मधल्या हिवाळ्यात भेगेत पाणी गोठून उजवा कोपरा फुटला होता. टवके गवतात पडलेले. मी ते गोळा करून ओंजळीत घेतले, एकेक लावून पाहिला. खालची कड कुठेच पुरी होईना.

रात्री खोलीवर वही काढली आणि पानावर टॉर्च आडवी धरली. पुसलेल्या आकड्याचा दाब दिसला. ४१ स्पष्ट. दशांशानंतरचा आकडा १ की ७, ते आजही सांगता येत नाही. १ असेल तर दगड कोपऱ्याजवळचा. ७ असेल तर मधलाच. आठवण म्हणते आकडा कमी होता. पण मीच पुसलेल्या आकड्याबद्दलच्या माझ्या आठवणीवर कुणी विश्वास का ठेवावा?

आणखी एक गोष्ट आहे. त्याच सीझनला एकाने त्या ढिगाचे सगळ्या बाजूंनी फोटो घेऊन मोजणी करून द्यायची तयारी दाखवली होती. मी म्हटलं, “नको, ते मी काढलेत.”

तेव्हाची मी म्हणेल की फोटोने खाच ओळखली नसती. खरंय, पण कोपरा राहिला असता. यंत्राला काटकोनाची ओढ नसते, मला होती. मग ती उलट विचारते, “इतकं कळलंय तर अजून पेन्सिल का?” खाच जुळत नाही हे सहकाऱ्याला कळलं ते माझ्याच चित्रावरून, असं मी म्हणते. ते म्हणताना आवाज चढतो, हेही मला कळतं.

आता आम्ही आधी स्कॅन करतो आणि मग मी काढते. सीझन सहा आठवड्यांचा आणि दगड शेकड्यांनी, त्यामुळे दरवर्षी बैठकीत माझे दोन दिवस कापायची गोष्ट निघते आणि दरवर्षी मी भांडते. कॅटलॉगात त्या दगडापुढे उजव्या टोकाची उंची अजून ४१.६ छापलेली आहे. मला ती जागा रिकामी हवी आहे. सहकारी म्हणतो, आकडा ठेव आणि पुढे प्रश्नचिन्ह दे. पुढच्या आवृत्तीची प्रुफं माझ्या टेबलावर आहेत आणि त्या ओळीवर मी अजून खूण केलेली नाही.