कॉपी झालंय म्हणतो, मग जातं कुठे? झथुराशी जुळवून घेतानाचा माझा अनुभव

आधीच सांगते, आता मी लिनक्सवर पीडीएफ वाचायला झथुरा हा व्ह्यूअरच वापरते आणि दुसरीकडे जायची अजिबात इच्छा नाही. पण एका ओळीच्या सेटिंगपायी माझे दोन दिवस गेले. त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

माझं काम मॅन्युअलं वाचण्याचं. एकेक मॅन्युअल आठशे-हजार पानांचं, एका वेळी पाच-सहा उघडी, आणि त्यातून कमांडी, पार्ट नंबर, एरर कोड उचलून दुसऱ्या फाइलीत चिकटवत जायचं. आधीचा व्ह्यूअर उघडायलाच दम खायचा. डावीकडे छोट्या पानांची पट्टी, वर बटणांच्या रांगा, आणि या सगळ्यातून उरेल तेवढी जागा मजकुराला. ऑफिसातला एक मुलगा आहे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, टर्मिनलमध्येच (कमांडी टाइप करायच्या खिडकीतच) राहायला असल्यासारखा. तो म्हणाला, "ताई, झथुरा टाका. नुसतं पान दिसतं, बाकी काही नाही."

टाकला. त्यात सांगण्यासारखं एवढंच की झथुरा म्हणजे नुसती चौकट. पीडीएफ उघडणारं प्लगइन, म्हणजे जोडीचा छोटा प्रोग्रॅम, वेगळं असतं. काही लिनक्समध्ये ते सोबत येतं, आर्च नावाच्या लिनक्समध्ये आपलं आपण टाकावं लागतं. पॉपलरवालं घ्या नाहीतर म्यूपीडीएफवालं, पण दोन्ही एकदम नाही. (पॉपलर म्हणजे १९९५ च्या एक्सपीडीएफ या जुन्या व्ह्यूअरच्या कोडमधून २००५ मध्ये वेगळी निघालेली लायब्ररी. मी कॉलेजात एक्सपीडीएफ वापरलेला असल्यामुळे उगीचच आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं.) डीजेव्हीयू आणि पोस्टस्क्रिप्ट या दुसऱ्या प्रकारच्या फाइलींची प्लगइनं आणखी निराळी.

बटणं एकही नाही, सगळं कीबोर्डवर. जे आणि के ने खाली-वर, एस दाबलं की पान खिडकीच्या रुंदीएवढं, ए दाबलं की अख्खं पान खिडकीत. स्लॅश देऊन शोधायचं, एन ने पुढचा शब्द. व्हिम (कीबोर्डवरच चालणारा एडिटर) वापरणाऱ्याला काही शिकावंच लागत नाही. टॅब दाबलं की अनुक्रमणिका उघडते, हजार पानी मॅन्युअलात याच्यासारखं सुख नाही. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी खूश होते.

मग आली कॉपी.

एका मॅन्युअलातली लांबलचक कमांड उचलायची होती. माउसने ओढून ती निवडली. खिडकीच्या तळाशी लगेच इंग्रजीत एक ओळ आली, की निवडलेला मजकूर कॉपी झालाय, आणि त्यापुढे माझी कमांड जशीच्या तशी. वा! कंट्रोल-सी सुद्धा नको! एडिटरमध्ये गेले, कंट्रोल-व्ही केलं, तर सकाळी कुठूनतरी उचललेला एक ईमेल पत्ता उमटला.

मला वाटलं, माझाच हात चुकला असेल. परत गेले, परत निवडलं. परत तळाशी तीच ओळ, कॉपी झालं. परत कंट्रोल-व्ही. परत तोच पत्ता. मग सवयीने कंट्रोल-सी दाबून पाहिलं, काही फरक नाही. उजवं क्लिक करून पाहिलं, मेनूच नाही. म्यूपीडीएफचं प्लगइन काढून पॉपलरचं टाकलं, की बाबा दोष प्लगइनचा असेल. पॉपलरनेही कॉपी झाल्याचं तितक्याच आत्मविश्वासाने सांगितलं आणि तोच ईमेल पत्ता माझ्या हातात ठेवला. कॉपी झाली नाही असं म्हणाला असता, तर मी निमूट जुन्या व्ह्यूअरकडे गेले असते. हा हो म्हणून देत नव्हता, राग त्याचा होता.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी कमांडी बघून बघून हाताने टाइप केल्या. एका ठिकाणी दोन हायफनच्या जागी एक पडला आणि चूक सापडायला अर्धा तास गेला. तो अर्धा तासही मी झथुराच्याच खात्यावर लिहिलाय.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बोलावलं. "अरे, तुझा झथुरा खोटं बोलतो." त्याने माझ्या खुर्चीमागे उभं राहून मला एकदा करून दाखवायला लावलं, आणि मग म्हणाला, "ताई, खालची ओळ पूर्ण वाचलीत का?"

नव्हती वाचली. ओळीत 'कॉपीड' दिसलं की पुढचं कोण वाचतं? त्यात स्पष्ट लिहिलं होतं: सिलेक्शन प्रायमरी.

त्याने टर्मिनल उघडून एक्सक्लिप हायफन ओ, म्हणजे कॉपी झालेलं दाखवणारी कमांड, टाइप केली. माझी कमांड, अक्षर न् अक्षर, समोर हजर. मग तेच पुन्हा, पण पुढे हायफन सिलेक्शन क्लिपबोर्ड जोडून. काल सकाळचा ईमेल पत्ता. दोन ओळी, एकीखाली एक. कालपासून मी जे शोधत होते ते शेजारच्याच खोलीत निवांत बसलं होतं.

तर भानगड अशी. लिनक्सवर एक्स विंडो या खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या प्रणालीच्या काळापासून कॉपीच्या जागा एकाहून जास्त आहेत. त्यातली एक प्रायमरी. मजकूर नुसता निवडला की तो तिथे जातो आणि माउसचं मधलं बटण दाबलं की तिथून उतरतो. दुसरी क्लिपबोर्ड, म्हणजे आपली नेहमीची कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही वाली. दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. झथुरा मजकूर निवडताच कॉपी करतो, पण मुळातल्या सेटिंगप्रमाणे प्रायमरीत. मधलं बटण दाबून चिकटवा, की झालं.

झालं कसलं! माझ्या लॅपटॉपला मधलं बटणच नाही, टचपॅडवर तीन बोटं टेकवावी लागतात आणि दर तिसऱ्या वेळी ती दोनच धरली जातात. शिवाय प्रायमरी हा प्रकार फार नाजूक. निवडलं, झथुरा क्यू दाबून बंद केला, एडिटरमध्ये गेले, तर काही नाही. ज्या खिडकीत निवडलं ती गेली की मजकूरही गेला. बरं, खिडकी उघडी ठेवली. एडिटरमधला जुना नंबर काढून त्या जागी नवा टाकायचा म्हणून जुना निवडला, तर निवडताक्षणी प्रायमरीत तोच जुना नंबर जाऊन बसला! ज्याच्या जागी बदली करायची त्यानेच खुर्ची पकडली. मधल्या बटणाची सवय असलेले लोक आधी जुनं खोडतात आणि मग चिकटवतात म्हणे. त्यांना लखलाभ.

उपाय एका ओळीचा आहे. मी उच्चाराने लिहितेय, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं: सेट, जागा, सिलेक्शन-हायफन-क्लिपबोर्ड, जागा, क्लिपबोर्ड. झथुरामध्ये कोलन दाबलं की तळाशी कमांडीची ओळ उघडते, तिथे हे टाकून एंटर केलं की लगेच लागू. मजकूर निवडला, तळाच्या ओळीत आता प्रायमरीच्या जागी क्लिपबोर्ड आलं, आणि कंट्रोल-व्ही ने कमांड उतरली. मी त्या मुलाला चहा पाजला.

झथुरा बंद करून पुन्हा उघडला, की पुन्हा प्रायमरी. कोलनने दिलेली सेटिंग त्या खिडकीपुरतीच. कायमची हवी तर कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग साठवायच्या फाइलमध्ये, लिहायची, आणि इथे दुसरा दिवस खर्ची पडला. ही चूक माझी, ते कबूल करते. ती फाइल आपोआप तयार होत नाही. व्हिमच्या सवयीने मी होम फोल्डरमध्येच, पुढे टिंब लावून, झथुराआरसी नावाची फाइल केली. झथुरा तिकडे बघतही नाही, आणि बघत नाही असं सांगतही नाही. मग झथुरा सुरू करताना द्यायचा हायफन सी हा पर्याय सापडला, त्याला मी फाइलचा पत्ता दिला. तरी काही नाही, कारण त्याला फोल्डर हवा असतो, फाइल नाही. मॅन पेजवर, म्हणजे प्रोग्रॅमसोबतच्या माहितीच्या पानावर, हे लिहिलेलं आहे. मॅन पेजवर सगळंच लिहिलेलं असतं, फक्त ते आधी माहीत असलेल्यालाच सापडतं.

योग्य जागा अशी: होम फोल्डरमध्ये टिंब-कॉन्फिग, त्यात झथुरा नावाचा फोल्डर, त्यात झथुराआरसी नावाची फाइल. नावापुढे टिंब नाही, मागे एक्स्टेन्शन नाही. फोल्डर नसेल तर आपणच करायचा. मी तो केला, ओळ लिहिली, आणि तरीही प्रायमरी! या वेळी मी मधे बरोबरचं चिन्ह टाकलं होतं. सेट अमुक बरोबर तमुक. ते चिन्ह नको असतं, नुसती जागा सोडायची. काढलं, फाइल सेव्ह केली, झथुरा उघडला, निवडलं. तळाशी क्लिपबोर्ड. या खेपेला ओळ मी शेवटपर्यंत वाचली.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ही सेटिंग केली की झथुरातून मधल्या बटणाने चिकटवणं बंद होतं. परवा तोच मुलगा माझ्या मशीनवर त्याचा माउस लावून काहीतरी बघत होता आणि मधलं बटण दाबून दाबून वैतागला. मी थोडा वेळ त्याला दाबू दिलं.

आणि एवढं करूनही काही पीडीएफमधून मजकूर निवडताच येत नाही, तेव्हा सेटिंगला दोष देऊ नका. स्कॅन केलेलं पान म्हणजे चित्र, त्यात अक्षरं नसतातच. देवनागरीची गंमत वेगळी. निवडता येतं, कॉपीही होतं, पण चिकटवल्यावर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटलेली. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार साठवलेले असतात. कुठल्या आकाराचं मूळ अक्षर कोणतं, हा तक्ता फाइल बनवणाऱ्याने नीट दिला नसेल तर कुठलाही व्ह्यूअर तेच करणार. अशा फाइलीत शोधही लागत नाही.

टर्मिनलमधून उघडण्याबद्दल लिहायचं राहिलं. झथुरा आणि पुढे फाइलचं नाव दिलं की फाइल उघडते, पण टर्मिनल अडकून राहतं, आणि टर्मिनल बंद केलं की बरेचदा पीडीएफही जाते. माझ्या अशा चार खिडक्या एकदम गेल्या. दोन हायफन आणि फोर्क जोडा, म्हणजे झथुरा सुटा होतो. काही बिघडलंय अशी शंका असेल तेव्हा मात्र फोर्क न देता उघडा, तक्रारी टर्मिनलमध्येच छापल्या जातात.

ठरावीक पानावर उघडायला हायफन मोठा पी आणि पानाचा आकडा. मोठाच. मी छोटा दिला होता. छोटा पी म्हणजे प्लगइनचा फोल्डर. मी मागितलं १४० वं पान, आणि झथुरा १४० नावाच्या फोल्डरात प्लगइनं शोधायला गेला, तिथे ती नाहीत म्हटल्यावर पीडीएफ हा प्रकारच त्याला ओळखू येईना. आकडा उणे दिला तर पानं शेवटून मोजली जातात. आणि हा फाइलमधल्या पानाचा क्रमांक, पानावर छापलेला नाही. प्रस्तावनेची पानं रोमन आकड्यांत असली की दोन्हींत फरक पडतो.

फाइल मॅनेजरमधून डबल क्लिक केल्यावरही झथुराच उघडायला हवा असेल तर एक्सडीजी-माइम डीफॉल्ट ही कमांड, पुढे झथुराच्या डेस्कटॉप फाइलचं नाव (ते ओआरजी टिंब पीडब्ल्यूएमटी टिंब झथुरा टिंब डेस्कटॉप असं आहे), आणि मग ॲप्लिकेशन स्लॅश पीडीएफ. हे पहिल्या फटक्यात झालं, त्यामुळे त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

एका मॅन्युअलात दोन ठिकाणी सारखं जा-ये करायचं असेल तर एम आणि एक अक्षर दाबून खूण करा. मग एकेरी अवतरणचिन्ह आणि तेच अक्षर दाबलं की तिथे परत. लेटेकमध्ये (कोड लिहून पीडीएफ बनवायच्या प्रणालीत) लिहिणाऱ्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे फाइल बदलली की झथुरा ती स्वतःच पुन्हा वाचतो, आणि पानही सोडत नाही.

रात्री वाचत असाल तर कंट्रोल-आर दाबा, पान काळं आणि अक्षरं पांढरी. फोटो मात्र निगेटिव्हसारखे दिसतात. कॉन्फिगमध्ये रीकलर ट्रू केलं की हे कायमचं होतं. आपल्या पसंतीचे रंग देताना रंगाचा कोड दुहेरी अवतरणचिन्हांत घाला, कारण तो हॅशने सुरू होतो आणि उघड्या हॅशपासून पुढचं सगळं झथुरा टीप समजून सोडून देतो. माझी रंगाची ओळ दोन आठवडे त्या फाइलीत अशीच पडून होती.