फोंड्याचं लग्न, गडहिंग्लजची यादी

गोव्यात लग्न म्हटलं की पुण्या-मुंबईकडच्या लोकांना समुद्रकाठचा मांडव दिसतो आणि मागोमाग वीस-पंचवीस लाखांचं बिल. आम्ही फोंड्याचे. आमच्या घरातली लग्नं आजवर देवळाच्या सभागृहात झाली, दुपारी पंगती उठल्या, पाहुणे संध्याकाळच्या बसने आपापल्या घरी गेले. त्यामुळे धाकट्या बहिणीचं लग्न कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजकडच्या मुलाशी ठरलं तेव्हा खर्चाची मला फारशी धास्ती नव्हती. वडील नाहीत, म्हणून पैशांचं सगळं माझ्याकडे. आई म्हणाली, "पानां मोज आनी केटररक सांग, बस्स."

पण सीमेपलीकडे लग्न पानांवर मोजत नाहीत.

याद्यांच्या बैठकीला व्याह्यांनी वहीवर ‘श्री’ काढलं आणि पहिल्यांदा माणसांचाच आकडा सांगितला. "आमच्याकडनं साताठशे मानसं निघत्यात. त्यात कमी करायचं म्हंजे भावकीत वाकडं." मग मानाची माणसं, त्यांचे फेटे, टॉवेल-टोपी, पाच मामांचे आहेर, करवल्या, बँजो. शेवटी डॉल्बी, पण ते जरा हळू आवाजात. आमच्याकडे कपड्यांचा आहेर जवळच्या नातेवाइकांपुरता असतो, तो एका कपाटात मावतो. तिकडे बस्ता बांधायचा म्हणजे दोन्ही घरच्या मंडळींनी एकत्र कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जायचं आणि दिवसभर गाद्यांवर बसून गठ्ठे सोडायचे. गेलो. तिथल्या भावात खोट काढायला जागा नाही. फोंड्यात एका साडीला जे दिलं असतं, त्यात तिथे चुलत्यांच्या सुनांपर्यंत सगळ्यांच्या साड्या झाल्या. फक्त साड्या किती, तेवढं मात्र विचारू नका.

सोन्याचं मी फार बोलत नाही. भाव इथे-तिथे सारखाच, त्यावरचा ३ टक्के जीएसटीही सारखाच. फरक पडतो तो किती तोळे लिहिले यावर, आणि त्यावर आईने एका वाक्यात पडदा टाकला.

खरी अडचण तारखेची होती. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि नेमका तेव्हाच गोवा महागतो. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो. २००४ पासून तो इथेच भरतो आणि त्या दिवसांत पणजीत खोली मिळवणं कठीण. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सायबाचं (सेंट फ्रान्सिस झेवियरचं) फेस्त, म्हणजे फोंडा-पणजी रस्त्यावर वऱ्हाडाची गाडी घालायचा विचारच नको. वीस तारखेनंतर नाताळाचे पर्यटक. पुढे पौष, तो व्याह्यांना नको. त्यानंतर माघात आमच्या बाजूच्या देवळांच्या जत्रा, तेव्हा सभागृहं देवाच्या कामात. राहता राहिला डिसेंबरच्या मधला आठवडा-दीड आठवडा. त्यातलाच मुहूर्त भटजींकडून काढून घेतला, असं म्हटलं तरी चालेल. वऱ्हाडाला राहायला खोल्या लागणार नसत्या, तर यातल्या निम्म्या गोष्टींचा मी विचारही केला नसता. फोंड्यातल्या माणसाच्या लग्नाचा आणि इफ्फीचा एरवी काय संबंध?

मुलाच्या एका मित्राने मध्येच समुद्राकाठच्या हॉटेलचं पिल्लू सोडलं. "गोव्यात लग्न करून देवळात काय करायचं?" म्हणून चौकशीला गेलो. तिथल्या इव्हेंट मॅनेजर मुलीने माणसं किती हे विचारलंच नाही. तिचा पहिला प्रश्न: "किती रूम्स, किती रात्री?" दिल्ली-हैदराबादकडची कुटुंबं येतात ती सगळं हॉटेलच दोन-तीन रात्रींसाठी घेतात, हळद तलावाशी, संगीत लॉनवर, फेरे वाळूत. तिच्या कागदावर जेवण खाली कुठेतरी होतं, एका ताटाचे १,८०० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. मी तिथेच मोबाइलवर गुणाकार केला. ताट २,१२४ रुपयांना, सातशे माणसांचे १४ लाख ८६ हजार ८००. खोलीत तिघांना घातलं तरी सव्वादोनशेच्या वर खोल्या, तेवढ्या त्या हॉटेलात नव्हत्याच. तिची काही चूक नाही. ती ज्यांच्यासाठी बसली आहे ते लोक दीडशे पाहुणे आणतात आणि त्या दीडशेंवर आमच्या सातशेंपेक्षा जास्त खर्च करतात.

देवळाच्या सभागृहात आमच्या नेहमीच्या केटररने साडेतीनशे रुपये पान सांगितलं. शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण: खतखतें, मुगागाठी, दोन भाज्या, वडे, भात-वरण, सोलकढी, शेवटी मणगणें, म्हणजे डाळ-गुळाची खीर. तेच सातशे लोक २ लाख ४५ हजारांत जेवले असते. व्याह्यांना जिलेबी आणि मठ्ठा हवाच होता, केटरर म्हणाला, "जिलेबी करतां, पूण मठ्ठो तुमचेकडच्या मनशाक करूंक सांगात." तेही ठरलं. त्यांचा एक आचारी मठ्ठ्यासाठी आला आणि जाताना मणगण्याची कृती लिहून घेऊन गेला.

आता मोठ्या आकड्यांच्या मधला एक खर्च, जो गडहिंग्लजच्या वहीत कोणी लिहिलेला नव्हता. गोव्यात नुसत्या अक्षता पडून कायद्याने लग्न होत नाही. पोर्तुगीजांची १८६७ ची नागरी संहिता इथे १८७० मध्ये लागू झाली, १९१० च्या कायद्याने विवाह हा नागरी करार ठरला, आणि १९६१ मध्ये पोर्तुगीज गेले तरी ही व्यवस्था राहिली. म्हणून आधी तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारसमोर दोघांनी जाऊन पहिली सही करायची, मग हरकतींसाठी नोटीस लागते, आणि ठरलेल्या मुदतीनंतर साक्षीदारांसह दुसरी सही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने नोंदणी आहेच, पण ती लग्नानंतर करायची. गावाकडे तिची आठवण बहुधा पासपोर्टच्या वेळी होते. व्याह्यांना हे समजावताना माझी पुरेवाट झाली. "म्हंजे सही झाली की लगीन झालं? मग अक्षता कशाला टाकायच्या?" मी म्हटलं, अक्षता तुमच्या-आमच्यासाठी, सही सरकारसाठी. त्यावर ते मुलाला म्हणाले, "सही केलीस म्हणून लगेच नांदवायला आणू नगंस."

सरकारी फी इतर खर्चांपुढे किरकोळ होती. खर्च झाला तो मुलाच्या येण्याजाण्याचा, त्याच्या रजेचा, आणि गावाकडून रहिवासी दाखला, जन्मदाखला, अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र हे सगळं वेळेत आणण्याचा. जन्मदाखल्यावर त्याच्या नावाचं एक अक्षर आधारपेक्षा वेगळं होतं. सीमेपलीकडून लग्न करणाऱ्यांना सांगेन, सभागृहाचा ॲडव्हान्स देण्याआधी मुलाकडचे कागद समोर ठेवून नावं जुळवून बघा.

याच टप्प्यावर मुलाच्या चुलत्यांच्या कानावर आलं की गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नाही तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. झालं. उसाचं रान एकत्र कुटुंबाचं, त्यात आता गोव्याचा कायदा शिरतो की काय? आम्ही फोंड्याच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी सांगितलं की नवरा बाहेरचा आणि जमीन बाहेरची असेल तर प्रश्न ज्याचा त्याला तपासूनच घ्यावा लागतो. मात्र मालमत्ता वेगळी ठेवायचा करार करायचाच असेल तर तो लग्नाआधी, रीतसर दस्त करूनच व्हायला हवा, नंतर विचार बदलून चालत नाही. बैठकीत जरा गप्पगप्प झालं. धाकटी तिथेच बसली होती. ती म्हणाली, "करूया की. माझा म्हापशाचा फ्लॅटही माझाच राहील." चुलत्यांनी फ्लॅटचा विचार केलेला नव्हता. करार झाला, वकिलांची फी आणि दस्ताचा खर्च दोन्ही घरांनी अर्धा-अर्धा दिला. आमच्या सबंध वहीत दोघांनी समान वाटून घेतलेली ती एकच ओळ.

सजावटीत गोवा महाग पडतो, हे मी मान्य करतो. शेवंती, झेंडू, गुलाब, बहुतेक सगळं बेळगावकडून घाट उतरून येतं, भाजीचंही तसंच. हंगामात मोठ्या हॉटेलांचे डेकोरेटर तीच फुलं उचलतात, मग आमच्यासारख्यांना उरलेल्याचा भाव. आम्ही माटवाला नारळाची झावळं, केळीचे खांब, आंब्याचे टाळे लावले, फुलं फक्त बोहल्यापुरती. आबोलीच्या फात्या (गजरे) देवळासमोरच्या बाईकडेच सांगून ठेवल्या होत्या. फोटोग्राफरचीही तीच गत: इथल्या पोराने हॉटेलवाल्या लग्नांचा दर सांगितला. गडहिंग्लजचा फोटोग्राफर त्याच्या अर्ध्यात तयार होता, पण त्याची दोन माणसं, गाडी, एक मुक्काम मिळवल्यावर फरक तोंडाला लावण्यापुरता उरला. तरी घेतला, कारण त्याला भावकीतले चेहरे माहीत होते आणि कोणाचा फोटो राहिला तर काय होतं हेही.

डॉल्बीचा प्रश्न देवळानेच मिटवला. आवारात चालत नाही म्हटल्यावर व्याही काहीसे सुटलेच. गावात नाही म्हणणं त्यांना जमलं नसतं. फोंड्यात फक्त सनई-चौघडा.

शेवटी उरली ती सातशे माणसं. चुड्याच्या तयारीसाठी मामा घरी आला होता, त्यानेच मार्ग काढला. तो म्हणाला, सगळं लग्न फोंड्यात करायचा हट्ट कशाला? अक्षता इथे, गावजेवण तिथे. व्याह्यांकडून दोनशेच्या आत माणसं आणायची, बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी गावातच जेवायला बोलवायचं, तो खर्च त्यांचा. आमची माणसं धरून फोंड्यात पानं साडेचारशेवर आली. आजरा-आंबोलीमार्गे पहाटे निघाल्या तर बसेस मुहूर्ताला आरामात पोचतात, म्हणून मुक्कामाला फक्त घरची माणसं. त्यांना देवळाच्या अग्रशाळेतल्या खोल्या. परराज्यातल्या बसला गोव्यात शिरायला तात्पुरता परवाना आणि कर लागतो, तो बसमालकाने भाड्यात वेगळा लावला. परतीच्या बसमध्ये सीटखाली बाटल्या नेऊ नयेत म्हणून व्याह्यांनी मांडवातच माइकवरून दम दिला. परवान्याशिवाय दारू सीमेपार नेता येत नाही, आणि गाडी अडली तर नवरीही तिथेच बसून राहणार होती.

दुसऱ्या दिवशी गावजेवणाला आम्ही चाळीसेकजण गडहिंग्लजला गेलो. निघण्याआधी मी सवयीप्रमाणे तिथल्या लॉजचे फोन नंबर काढून ठेवले होते. गावात उतरलो तेव्हा व्याह्यांचा पुतण्या हातात कागद घेऊन उभा होता: कोण कोणाच्या घरी झोपणार ते नावानिशी लिहिलेलं. आई आणि मावशी पाटलांकडे, मी शाळेच्या मास्तरांकडे, मामा सोसायटीच्या चेअरमनकडे. इतके दिवस मी व्याह्यांशी खोल्यांवरून बोलत होतो आणि ते माझ्याकडे कोऱ्या नजरेने का बघत होते, ते मला तेव्हा कळलं. त्यांच्या याद्यांत पाहुण्यांच्या मुक्कामाचा रकानाच नव्हता, कारण तो खर्च त्यांच्याकडे कधी झालेलाच नाही. मास्तरांच्या घरी सकाळी पाण्याचा बंब पेटवून दिला होता. निघताना मी पाकीट काढलं, तर त्यांच्या मिसेसनी उलट माझ्याच हातात नारळ आणि टॉवेल-टोपी ठेवली.