चिवडा पास झाला

२१ ऑगस्ट, रात्रीचे सव्वाअकरा

रिपोर्ट आला. चिवड्याचा, म्हणजे आमच्या कुत्र्याचा. त्याला जर्मनीला न्यायचं तर रेबीजची लस रक्तात किती लागू पडली ते तपासावं लागतं. आकडा ०.५ च्या खाली नको होता, ६.८ आलाय. म्हणजे नुसता पास नाही, डिस्टिंक्शन.

दुपारी पावणेतीनला मेल वाजला तेव्हा मी गवार मोडत बसले होते. ओढणीला हात पुसून फोन उघडला. आधी चिपचा पंधरा आकडी नंबर एकेक करून ताडून पाहिला, कारण जूनमध्ये एका दवाखान्याने सर्टिफिकेटवर शेवटून दुसरा आकडा चुकवला होता आणि तेवढ्यासाठी माझ्या चार खेपा झाल्या. नंबर बरोबर. रक्त काढल्याची तारीख, १४ जुलै, बरोबर. मग खाली तो आकडा. आणि पोटात काहीतरी धपकन खाली गेलं.

आनंद नव्हता तो. एवढं नक्की सांगते. बाकी काय होतं ते कळेना, म्हणून ही वही काढली.

रिपोर्ट नवऱ्याला जर्मनीला पाठवला. तिकडे सकाळचे सव्वाअकरा. लगेच तीन टोप्या, दोन फुगे, आणि ‘१४ ऑक्टोबरनंतरची तिकिटं बघू का?’ पाठोपाठ छोटीचा आवाज आला. वर्गातून कसा काय पाठवला विचारायला गेले, तर म्हणे सुट्टी आहे अजून, शाळा सप्टेंबरमध्ये. ते मला माहीत होतं. माहीत असून विसरले. तिने आधी चिवड्यासारखं भुंकून दाखवलं, मग ‘आई, त्याला सांग ना पास झाला म्हणून.’ सांगितलं. त्याने कान खाजवला.

नाना झोपाळ्यावर शब्दकोडं घेऊन बसले होते. म्हटलं, ‘नाना, आला रिपोर्ट.’

‘लिमिट किती?’

‘०.५ च्या वर पाहिजे.’

‘वरची लिमिट?’

‘वरची नाही.’

‘म्हणजे गो गेजच की, एकच बाजू बघायची. आपला किती?’

‘६.८.’

‘मग पास,’ म्हणाले, आणि आडवा सात नंबरचा शब्द विचारला. चार अक्षरी, ‘निरोप’ला दुसरा शब्द. मला येत होता. मी नाही सांगितला.

बत्तीस वर्षं मायको कंपनीत डिझेलचे नोझल मायक्रॉनमध्ये मोजले त्यांनी. कुठल्याही गोष्टीला लिमिट विचारायची आणि पास की फेल एवढंच बोलायचं, ही सवय जन्माची. आईचे रिपोर्टही असेच वाचायचे. असो.

मला नापास हवा होता का? हे मी संध्याकाळपासून स्वतःला विचारतेय. नापास आला असता तर पुन्हा लस, पुन्हा तीस दिवस थांबून रक्त, पुन्हा सॅम्पल बर्फात घालून युरोपियन युनियनच्या मान्यताप्राप्त लॅबला, आणि पुन्हा तिथून तीन महिने. म्हणजे जानेवारी तरी उजाडला असता. खर्च वेगळाच. छोटी रडली असती. कुठल्या आईला हे हवं असेल? आणि तरी मेल उघडायच्या आधी, तो पीडीएफ गोल गोल फिरत होता त्या दोन सेकंदांत, मी मनात काहीतरी म्हटलं होतं. काय म्हटलं ते लिहिणार नाही.

शेजारच्या काकूंना हा तीन महिन्यांचा प्रकार मी जुलैपासून चारदा समजावलाय. त्या म्हणतात, ‘लस झाली, रक्त चांगलं आलं, मग आता कशाला थांबायचं?’ म्हटलं, काकू, रेबीजचा विषाणू चावल्या जागेपासून मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकतो, अगदी सावकाश. आठवडे लागतात, कधी महिने. लस द्यायच्या आधीच कुणी चावलेलं असलं, तर रक्तातला आकडा छान येईल आणि आजार आत वाटेवरच असेल. म्हणून रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. निघायचं असलं तर तेवढ्यात निघतं. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं. ‘म्हणजे सोवळ्यात आहे म्हण की!’ मी हसले. मग म्हणाल्या, ‘आणि तुला गं? तुला किती दिवस?’

तेव्हाही हसलेच.

खरं तर लोकांना वाटतं क्वारंटाईन म्हणजे तिकडे विमानतळावर पिंजऱ्यात ठेवतात. कागद चोख असतील तर जर्मनीत तसं काही नाही. उतरला, चिप वाचली, कागद पाहिले, चला घरी. (ऑस्ट्रेलियाचं विचारूच नका. भारतातून कुत्रा थेट घेतच नाहीत. आधी त्यांच्या यादीतल्या एखाद्या देशात मुक्काम, मग मेलबर्नजवळ मिकलहॅमच्या सरकारी क्वारंटाईनमध्ये. त्यापुढे आपलं बरं.) आपलं सगळं क्वारंटाईन इथेच, नाशकात, गंगापूर रोडला, नानांच्या पलंगाखाली. आजाराची लक्षणं कसली, दुपारी दोन ते पाच घोरतो.

लोक विचारतात, नवरा आणि पोरगी पुढे गेली आणि तू कुत्र्यासाठी मागे राहिलीस? मावशी तर तोंडावर म्हणाली, ‘जगात पहिलीच असशील.’ मी नियम सांगते. मालकाने प्राण्याच्या आधी किंवा नंतर पाच दिवसांच्या आत प्रवास केला तर तो घरचा प्राणी. नाहीतर व्यापारी माल, त्याचे कागद निराळे, भानगडी निराळ्या. नियम खरा आहे, मी बनवलेला नाही. पण मे महिन्यात हा म्हणाला होता की एजंट पाठवेल त्याला मागून, होऊ दे थोडा जास्त खर्च, तू चल आमच्याबरोबर. तेव्हा मी पाच दिवसांचा नियम ज्या चपळाईने काढून दाखवला ना! पान उघडूनच ठेवलं होतं फोनवर. खाली पिवळी रेघ मारून. आता आठवलं की कानाची पाळी गरम होते. त्याने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, ‘बरं’ म्हणाला. त्याला तेव्हाच कळलं असेल. लग्नाला चौदा वर्षं झाली.

नानांना कळलंय का, हा प्रश्न मी पुढे सरकू देत नाही.

असं वाटतं की या घरात मी चिवड्याची सोय म्हणून आहे. सगळे त्याची चौकशी करतात. त्याचं वजन किती झालं, पिंजरा आला का, विमानात घाबरेल का. गेल्या तीन महिन्यांत मला एकाही माणसाने विचारलं नाही की बाई, तू घाबरतेस का. चाळिशीला आलेली बाई, इथली बारा वर्षांची नोकरी सोडलेली, जर्मन येतं ‘ए-टू’पर्यंत, म्हणजे बेकरीत पाव मागण्याइतपत. तिला कुणी गुंगीचं औषध द्यायचं का नाही यावर चर्चा करत नाही. (त्याला द्यायचं नाही, बरं का. उंचावर श्वासाला आणि रक्तदाबाला धोका, विमान कंपन्या गुंगीतला प्राणी घेतच नाहीत. मला मात्र चालेल.)

हे लिहून मलाच हसू आलं. एकोणीस किलोच्या गावठी कुत्र्याचा हेवा करतेय मी.

आणि हेवा करण्यासारखं आहे तरी काय. २०२० चा पावसाळा. त्याच वर्षी मार्चमध्ये नवरा तिकडूनच आला होता आणि डाव्या हातावर ‘होम क्वारंटाईन’चा शिक्का घेऊन चौदा दिवस वरच्या खोलीत बसला होता; आई ताट दाराबाहेर ठेवायची. नंतर ऑगस्टमध्ये सोमेश्वरच्या रस्त्याला हे ओलं गाठोडं मिळालं. पिवळं, मध्येच काळं, मध्येच करपलेल्या खोबऱ्यासारखं तपकिरी. आई म्हणाली, चिवडाच आहे नुसता. झालं. आता ते नाव इंग्रजी-जर्मन सर्टिफिकेटवर छापून येणार आणि तिथला कुणी गोरा अधिकारी गंभीर चेहऱ्याने ‘शिव्दा’ म्हणणार.

फॉर्मवर जातीच्या रकान्यात डॉक्टरांनी ‘मिक्स’ लिहिलं. जन्मतारखेपाशी पेन थांबलं. ‘अंदाजे सांगा.’ मी महिने मोजायला लागले, तर नाना मागून म्हणाले, ‘१ जून लिहा. माझीपण तीच आहे.’ त्यांच्या मास्तरांनी शाळेत घालताना अर्ध्या वर्गाची तीच लावली होती. डॉक्टरही म्हणाले, माझ्या वडिलांची तीच. तर चिवड्याची अधिकृत जन्मतारीख १ जून २०२०.

याच्या आधीच्या पाच वर्षांच्या लशी मात्र फुकट. चिप बसवण्याआधीच्या लशी धरत नाहीत, कारण चिपच नाही तर लस घेतलेला तो हाच कशावरून? म्हणून १२ जूनला चिप आणि त्याच बैठकीत नव्याने पहिल्यापासून लस. पुस्तिकेत शिक्के आहेत, तारखा आहेत, आईच्या अक्षरात ‘पुढची लस’ लिहिलंय. हिशोबात काहीच नाही.

पिंजरा परवा आला. त्याची मापं काढायचा कार्यक्रम पाहण्यासारखा होता. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, त्यात पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीची निम्मी मिळवायची, रुंदी खांद्याच्या दुप्पट, उंची उभ्या कानांच्या टोकापर्यंत. कान उभे! बिस्किट पाहिलं की उभे, टेप पाहिली की आडवे. मी आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेतली होती. नानांनी ती हातात घेऊन पाहिली, म्हणाले, कापडी टेप ताणली जाते. उठून कपाटातून स्टीलची फूटपट्टी आणि गुण्या काढला. तीनदा माप घेऊन सरासरी काढली, बिलाच्या पाठीमागे लिहिली, खाली सही केली. सही कशाला, म्हटलं. ‘इन्स्पेक्शन कुणी केलं ते कळायला नको?’

उभं राहता आलं पाहिजे, गोल फिरता आलं पाहिजे, नीट आडवं होता आलं पाहिजे, असा नियम आहे. तिन्ही होतंय. चिवडा आत जात नाही ते वेगळं. नानांनी आत आपलं जुनं स्वेटर टाकलंय. तरी नाही. आज संध्याकाळी मात्र दोन पाय आत, दोन बाहेर असा बराच वेळ उभा होता. स्वेटरचा वास घेत.

अजून खूप बाकी आहे. निघायच्या आठवड्यात मुंबईला सरकारी पशु क्वारंटाईन खात्याकडे त्याला घेऊन जायचं, तिथला दाखला. युरोपचं सर्टिफिकेट, सही झाल्यापासून तिथे पोचेपर्यंत दहा दिवसच चालतं. आणि हा प्राणी कसारा घाट उतरताना दर वेळी ओकतो. इगतपुरी गेलं की मी पिशवी हातातच धरते. त्याला नऊ तास विमानात बसवायचं. पण या रिपोर्टची एक गंमत आहे. पुढची लस कधी चुकवली नाही तर हा आकडा आयुष्यभर चालतो. म्हणजे परत आणताना-नेताना हे तीन महिने पुन्हा नाहीत. पुन्हा असं काही मिळायचं नाही.

‘मिळायचं’ लिहिलं मी. खोडत नाही.

संध्याकाळी सातला दूधवाला आला. मी आतून ऐकलं. नाना त्याला सांगत होते, ‘पंधरा ऑक्टोबरपासून अर्धाच लिटर.’ तो म्हणाला, ‘काका, अजून दोन महिने आहेत.’ तर म्हणाले, ‘सांगून ठेवतो. तू विसरतोस.’

चौदा जुलैला रक्त काढलं, तेव्हापासूनच दिवस चालू झाले होते. रिपोर्ट आज आला इतकंच. नानांनी ते बरोबर धरलं होतं. चुकले मी. माझ्या डोक्यात आजपासून काहीतरी सुरू होणार होतं. चोपन्न दिवस उरलेत.

एकदा, जूनमध्ये, टीव्ही बघता बघता म्हणाले होते, ‘ठेव त्याला इथे.’ मी म्हटलं, छोटी ऐकायची नाही. ‘तेही आहे,’ म्हणाले. नंतर विषय काढला नाही. मी म्हणायला हवं होतं, तुम्ही चला. पासपोर्ट आहे त्यांचा. पण ते काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, आणि विचारलंच नाही तर ते ऐकावं लागत नाही. पुरे आता.

पाऊस थांबलेला नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, रात्री विसर्ग वाढवणार म्हणून सारखे मेसेज येताहेत, इतके क्युसेक, तितके क्युसेक. नाना क्युसेक ऐकून घेतात पण मानत नाहीत. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर किती तर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत, एवढंच त्यांचं. दुपारी कमरेला होतं म्हणे. जेवताना म्हणाले, ‘पहाटेपर्यंत छातीला लागतंय बघ. सहाला निघू. याला पण घेऊ, त्याने कुठे पाहिलाय.’ पाहिलाय त्याने, दोनदा, त्यांच्याबरोबरच. मी बोलले नाही.

पट्टा आणि दोन छत्र्या दाराशी काढून ठेवल्यात. गवार तशीच राहिलीय, सकाळी मोडेन.