बिनजोड

दुपारचे तीन. कूलरची घरघर, ओसरीत पेंगलेली माणसं, आणि आतून कुणीतरी पन्नी चुरगाळतं. त्या पन्नीत सांबार (म्हणजे कोथिंबीर) आहे की साबणाची वडी, हे कोपऱ्यातल्या जिवाला कळायचं कारण नाही. तरी शिट्टी सुरू होतेच : व्हीऽक, व्हीऽक. घरात दोन गिनीपिग असले की ही शिट्टी दोन सुरांत येते. त्यातला एक गेला की एकच सूर उरतो, आणि थोड्या दिवसांनी तोही पन्नी वाजल्यावर लगेच येत नाही. मधे जरा वेळ जातो. मग घरात कुणीतरी विषय काढतं, की आणखी एक आणायचा का?

शेजारपाजारच्यांना मुळात पहिलाच का आणला, हे कळलेलं नसतं. “दूध देते का? अंडे देते का? मंग काहून पोसता?” प्रश्न रास्त आहे. हे जनावर ना गिनीचं, ना डुकराच्या जातीचं. मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचं. तिथले लोक हजारो वर्षं ते चुलीच्या उबेला, भाजीच्या देठांवर वाढवत आले, आणि सणावाराला खातही आले. पुढं ते युरोपात गेलं, तिथून प्रयोगशाळेत आणि तिथून पोरांच्या मांडीवर. आपल्याकडे ते थेट मांडीवरच आलं, त्यामुळे त्याच्याकडून काय काम घ्यायचं, हे ठरायचं राहूनच गेलं.

पण जोडीचं म्हणाल तर विदर्भातल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. बैलजोडीतला एक गेला की उरलेल्या बैलाला काही ‘अर्धी जोडी’ म्हणत नाहीत, तो नुसता बैल होतो. मग बाजार पालथा घालायचा. उंची बघायची, चाल बघायची, नवा उजवीकडं चालणारा आहे की डावीकडं ते विचारायचं, कारण सवय उलटी असली तर जू एका अंगाला ओढलं जातं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी नंदी दोरीनं ओढत घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. चाकं वाजतात, एखाद्याचं शिंग फेव्हिकॉलनं चिकटवलेलं असतं, आणि नंदी बहुतेक एकटाच असतो. त्याचं काही बिघडत नाही, कारण तो लाकडाचा.

स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून कायदाच आहे, की गिनीपिग एकटा ठेवायचा नाही. त्याची गोष्ट पुढं येईल.

आणायचाच असं ठरलं, तर पहिला घोळ नर-मादीचा. विकणारा छातीठोकपणे सांगतो, “दोन्ही माद्या आहेत.” सुमारे ६८ दिवसांनी पिंजऱ्यात दोनाचे पाच होतात. पिल्लं जन्मतःच डोळे उघडे, अंगावर केस, दात आलेले, आणि दुसऱ्या दिवशी गवत कुरतडायला तयार. पुढचं ऐकायला कुणाला आवडत नाही : व्यायल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते, आणि नर पिल्लं तीन आठवड्यांची झाली की आईपासून वेगळी करावी लागतात. एखादी मादी सात-आठ महिन्यांची होईतो कधीच व्यालेली नसेल, तर तिला नंतर गाभण होऊ देणं जिवावर बेतू शकतं. ओटीपोटाखालची हाडं तोवर घट्ट जुळून जातात आणि पिल्लू अडकतं. म्हणून घेतानाच उलटं धरून बघावं. एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली, पाठ आपल्या अंगाला टेकवून. मादीला इंग्रजी वायसारखी खूण दिसते. नराला वर एक ठिपका असतो आणि त्याच्या जरा वर बोटानं हलकं दाबलं की पेन्सिलीच्या शिशासारखं काही हाताला लागतं. खात्री पटत नसेल तर घेऊ नये. दोन माद्या चालतात. लहानपणापासून एकत्र वाढलेले दोन नर चालतात. खच्ची केलेला नर आणि मादी ही सगळ्यांत सुखाची जोडी, फक्त खच्चीनंतर सहा आठवडे त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. तीन नर मात्र आणू नयेत.

आणला की लगेच पिंजऱ्यात सोडायचा मोह होतो. तो आवरून दोन-तीन आठवडे नव्याला वेगळ्या खोलीत ठेवावं, आणि आधी जुन्याचं करून मग नव्याकडं जावं, हात धुवून. केसांच्या मुळाशी राखेसारखे कण चालताना दिसले तर उवा. एवढं खाजवतो की अंगाला झटके येतात, तर खरजेचे किडे. नाकावर गोल टक्कल पडलं तर नायटा, आणि तो घरातल्या पोरांच्या हातावरही येतो.

मग भेटीचा दिवस. ही गोष्ट घाईनं करणाऱ्यांची फार चुकते. जुन्याच्या पिंजऱ्यात नव्याला टाकलं तर ते घरात घुसखोर शिरल्यासारखं होतं. जागा दोघांनाही अनोळखी हवी : पडवीची फरशी, त्यावर जुनी सतरंजी, मधोमध गवताचा मोठा ढीग, आणि दोन्ही तोंडं कापलेली दोन खोकी. एकाच तोंडाचं खोकं म्हणजे सापळा, आत गेलेल्याला पळायला वाट नाही. सोडलं की आधी दोघे गवत खातात, जणू ओळखच नाही. मग एक जण बूड हलवत, पोटातून मोटर सुरू केल्यासारखा घुरघुरत दुसऱ्याभोवती फिरतो. एकमेकांच्या अंगावर चढतात, पाठलाग करतात, बुडाला हुंगतात. समोरासमोर येऊन नाकं वर करतात, आणि ज्याचं नाक आधी खाली येतं त्यानं मान्य केलं असं समजायचं. हे सगळं चालू द्यावं. दर वेळी उचलून वेगळं केलं तर भांडण अर्धवट राहतं आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरू होतं. अडकित्त्यात सुपारी कातरल्यासारखे दात वाजले की मात्र जवळ बसावं. केस फुगवून दोघे गुंडाळी होऊन भिडले, रक्त आलं, तर थांबवायचं. हात घालायचा नाही, जाडा टॉवेल मधे टाकायचा. दात आपल्या बोटातही तितकेच खोल जातात.

सगळं ठीक झालं तर दोन-चार तासांनी दोघे एकाच ढिगाच्या दोन बाजूंना पाय पसरून पडतात. तेवढ्यात जुना पिंजरा व्हिनेगरनं धुऊन काढावा. मुताचा पांढरा थर दुसऱ्या कशानं नीट जातही नाही. आतलं सामानही हलवून ठेवावं, म्हणजे घर कुणा एकाचं राहत नाही.

जागेचं माप खाटेवरून घ्यावं. सहा बाय तीनची खाट म्हणजे अठरा चौरस फूट. दोघांना निदान आठ, तिघांना अकराच्या आसपास, चौघी माद्या असतील तर अख्खी खाट. उंचीचा उपयोग नाही, त्यांना चढता येत नाही. खाली लाकडाचा भुसा घालू नये, त्याची धूळ फुप्फुसात जाते. जुनं सुती कापड, खाली रद्दी, आणि एक दिवसाआड बदल. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, मुलखात सुती कापडाला तोटा नसावा.

पण खोलीत किती मावतात हा हिशेब खरा नाही. मे महिन्यात किती जगवता येतात, हा खरा. या जनावराला १८ ते २४ अंश मानवतात, तिशीच्या पुढं धोका सुरू होतो, आणि आपल्याकडं पारा ४५ वर बसतो. कूलर चालतो, हवा कोरडी असेतो उत्तमच चालतो, फक्त वारा थेट अंगावर नको. पाण्यात भिजवून पुसलेलं जुनं कवेलू (कौल) आत ठेवलं की त्यावर पोट टेकवून ते तासन् तास पडून राहतात. पाण्याची बर्फ केलेली बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी. लाळ गळतेय, श्वास भराभर चाललाय आणि अंग लुळं पडलंय, असं दिसलं तर कान आणि पाय साध्या पाण्यानं ओले करावेत. बर्फाच्या पाण्यात बुचकळू नये. कान-पाय ओले करून दवाखाना गाठावा. लाइन गेली की कूलर बंद. म्हणून आणखी किती आणायचे हे विचारणाऱ्याला आधी विचारावं, की घरात दुपारी थंड राहणाऱ्या खोल्या किती?

खाण्याचं त्या मानानं सोपं, म्हणजे सोपं वाटतं. मुख्य अन्न वाळलं गवत, कारण दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवतानंच झिजतात. मारवेल चांगलं. कुसळी नको, तिची कुसळं ओठात आणि डोळ्यांत रुततात. कुटाराची, म्हणजे भुशाची, धूळ फार. लसूणघास पिल्लांना आणि गाभणीला ठीक, मोठ्यांना रोज दिला तर मूतखडा. धुऱ्यावरची (बांधावरची) हिरवी दूब, म्हणजे हरळी, सोन्यासारखी, पण वावरात तणनाशक मारलंय का ते आधी विचारावं. त्यांना ओकता येत नाही. पोटात गेलं ते गेलं.

आणि क जीवनसत्त्व. माणसासारखंच त्यांनाही ते अंगात तयार करता येत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रॉलिश या दोघांनी गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवलं, आणि त्यांना खलाशांसारखा स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाअभावी होणारा रोग, झाला. शिमला मिरचीची एक फोड, मूठभर सांबार, एवढ्यात एकाचं दिवसाचं भागतं. पाण्यात औषधाचे थेंब घालून उपयोग नसतो, ते लवकर उतरतात आणि चव बदलली की पाणीच पीत नाहीत. तालुक्याचा ढोरांचा डॉक्टर गाई-शेळ्यांत कितीही हुशार असो, त्याला आधीच सांगून ठेवावं : पेनिसिलिन नको, अ‍ॅमॉक्सिसिलिन नको. बकरीला बरं करणारं औषध यांच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारून टाकतं. दर आठवड्याला किराण्याच्या काट्यावर वजन करावं. ५० ग्रॅम उतरलं तर लक्ष ठेवायचं, १०० उतरलं तर गाडी काढायची.

एवढं सगळं केलं, नवा रुळला, की खरी अडचण सुरू होते. हे जगतात पाच ते आठ वर्षं. पाच वर्षांच्या म्हाताऱ्याला पिल्लू आणून दिलं, म्हातारा दोन वर्षांत गेला, की पिल्लू भर जवानीत एकटं. त्याला जोड आणली की पुन्हा तेच. बैलाच्या मालकाला यातून ट्रॅक्टर घेऊन सुटता येतं. इथं तशी सोय नाही.

स्वित्झर्लंडच्या लोकांनी यावर उपाय काढला. तिथं उरलेल्या गिनीपिगाला जोडीदार भाड्यानं मिळतो. तो म्हातारा गेला की पाहुणा परत. आपल्याकडं याला सावड म्हणायचं. एकेकच बैल असलेले दोन शेतकरी बैल एकत्र जुंपून आळीपाळीनं दोघांची वावरं वखरतात, तसं दोन घरांतल्या दोन एकट्यांना एकत्र करायचं. वयं जवळपास असली तर साखळीही तिथंच संपते, आणि नवं पिल्लू कुणालाच आणावं लागत नाही.

मग एवढंच ठरवायचं उरतं, की दोघांनी कुणाच्या ओसरीत राहायचं. उन्हाळ्यात तरी, ज्याच्याकडं इन्व्हर्टर आहे त्याच्या.