याला कायम सर्दी असते का?

वीर्यतपासणीच्या टेबलावर मला १८ वर्षं झाली. डबी देताना पुरुष नजर वर करत नाहीत, मीही त्यांच्याकडे बघत नाही. नाव, वेळ, किती दिवसांचं अंतर, एवढंच विचारायचं. तो तिशीतला माणूस मात्र सारखा रुमालात तोंड खुपसत होता. मला वाटलं, लाजतोय. तो खोकत होता.

नमुना पातळ व्हायला अर्धा तास ३७ अंशांवर ठेवला आणि थेंब स्लाइडवर घेतला. शुक्राणू भरपूर, पण एकही हलत नव्हता. निदान ४२ टक्के तरी हलायला हवेत. अशा वेळी पहिला संशय आपल्याच कामावर घ्यायचा असतो: डबीत साबण राहिला असेल, नमुना गार पडला असेल. पुन्हा बोलावलं. पुन्हा तेच.

मग इओसिन हा रंग घातला. मेलेला शुक्राणू गुलाबी होतो, जिवंत रंग घेत नाही. बहुतेक सगळे पांढरेच राहिले. जिवंत होते, शेपट्या तेवढ्या थिजलेल्या.

पॅथॉलॉजिस्ट सरांना सांगितलं तर मायक्रोस्कोपकडे जायच्या आधीच त्यांनी विचारलं, "याला कायम सर्दी असते का गं?"

"जन्मल्यापासून," तो म्हणाला. टीबीच्या गोळ्यांचे दोन कोर्स झाले होते, बेडक्यात जंतू मात्र कधीच सापडला नव्हता. "एक्सरेवाला दर वेळी म्हणतो, फिल्म उलटी लागली." सरांनी त्याच्या छातीवर उजवीकडे तळहात ठेवला आणि ते तसेच थांबले. काळीज तिथेच होतं.

नाकातल्या, श्वासनळ्यांतल्या सूक्ष्म केसांची आणि शुक्राणूच्या शेपटीची आतली बांधणी एकच: कडेने नऊ जोड्या, मधे दोन नळ्या. त्यांना वाकवणारे डायनीन या प्रथिनाचे हात अशा बऱ्याच रुग्णांत नसतात, हे स्वीडनच्या आफझेलियस या शास्त्रज्ञाने १९७६ साली दाखवलं. कफ वर सरकत नाही, शुक्राणू पोहत नाही. गर्भात काळजाची बाजूही असेच केस ठरवतात. ते निकामी असले की डावं-उजवं नशिबावर, म्हणून निम्म्या रुग्णांत अवयव उलटे. बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं तरच हे होतं. (इतकी वर्षं मी डबीच बघत होते, खोकला माझ्या समोरच बसला होता.)

जिवंत शुक्राणू निवडून सुईने अंड्यात सोडता येतो, त्याला पोहावं लागत नाही, हे ऐकून त्याचा चेहरा खुलला.

"आईवडील नात्यातले?"

"आई माझी वडिलांच्या मामाची पोर."

"आणि बायको?"

"माझ्या मामाची." बाहेर बाकावर ती सासूशेजारी बसली होती.

जनुक तपासणीच्या कागदावर सरांनी तिचंही नाव लिहिलं. तो बघतच राहिला. "तिचं कशाला, सर? तिला तर साधी सर्दीपण होत नाही."