जुलाब नव्हते, खडा होता

आईच्या गाऊनला पहिला डाग दिसला तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. पातळ, तपकिरी पाणी. मी चादर बदलली, तिला पुसून घेतलं आणि मनाशी म्हटलं, काल रात्रीचं काहीतरी बाधलं असेल. दहा वाजेपर्यंत तीनदा तसंच झालं. मग डिचोलीच्या बाजारात जाऊन औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवायच्या गोळ्या आणल्या. लोपरामाइड. जेवण बंद करून नुसती पेजेची निवळ द्यायला लागलो. त्या दिवशी मी जे जे केलं ते सगळं उलट होतं. तशीच चूक दुसऱ्या कुणाच्या घरी होऊ नये म्हणून हे लिहितो आहे, आणि आईला विचारून लिहितो आहे.

आई ७९ वर्षांची. गोव्यात डिचोलीजवळ मयेला आमचं जुनं कौलारू घर आहे. मिरगाच्या पावसात न्हाणीच्या उंबऱ्यावर तिचा पाय सरकला आणि खुब्याजवळचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया करून आत सळई घातली. नवव्या दिवशी आम्ही घरी आलो. सोबतच्या कागदावर दुखण्यासाठी ट्रामाडॉल, रक्त वाढायला लोहाच्या गोळ्या आणि हाडासाठी कॅल्शियम होतं. ही तिन्ही औषधं पोट घट्ट करतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यात आई दिवसभर पडून. पाणी मागायचीच नाही, कारण पाणी प्यायलं की लघवी लागते आणि लघवी लागली की कुणाला तरी हाक मारावी लागते. पोट साफ होण्याचं औषध त्या कागदावर नव्हतं. मी विचारलंही नाही.

बायको सकाळी शाळेत शिकवायला जाते. मी वीज खात्यात, रजा संपत आलेली. म्हणून आठ दिवसांसाठी एक मदतनीस ठेवली होती. आईने पहिल्या दिवशी तिला सांगितलं, मला कळ आली आहे. ती म्हणाली, डायपर बांधलाय ना, त्यातच करा. आईने केलं नाही. दाबून धरलं. दुसऱ्या दिवशीही धरलं. मग कळ यायचीच थांबली.

डाग दिसल्याच्या तिसऱ्या दिवशी तिचं पोट खाली फुगलेलं वाटत होतं. लघवी थेंब थेंब सतत गळत होती. रात्री अडीच वाजता ती मोठ्याने तिच्या भावाला हाका मारायला लागली. मामा जाऊन वीस वर्षं झाली. मला तिने ओळखलं नाही. समोरच्या भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणाली. सकाळी घरी आलेल्या डॉक्टरांनी लांबूनच पाहिलं, पोटाचा संसर्ग म्हणून अँटिबायोटिक लिहून दिलं आणि म्हणाले, या वयात डोक्यावर परिणाम व्हायचाच. पोटाला हात लावला नाही. याचा राग मला अजून आहे. पण गोळ्या आधी मीच आणल्या होत्या, हेही खरं.

आमच्या वाड्यावर एक निवृत्त परिचारिका राहतात. सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. बायकोने त्यांना बोलावून आणलं. त्यांनी पहिला प्रश्न जुलाबांचा विचारलाच नाही. विचारलं, "काकींना नीट, घट्ट, पोटभर शौचाला शेवटचं कधी झालं?" मी बायकोकडे पाहिलं, बायकोने माझ्याकडे. कुणालाच ठाऊक नव्हतं. हिशोब केला तर अकरा दिवस. मग त्यांनी आईच्या पोटावर हात ठेवला, डाव्या बाजूला खाली दाबून पाहिलं आणि माझा हात तिथे नेला. दगडासारखं लागत होतं.

"कुळागराच्या पाटात धोंडा अडकला की पाणी काय करतं, भाऊ?" त्यांनी विचारलं. "कडेकडेने झिरपतं. ते हे. जुलाब नव्हेत हे, खडा झालाय. आणि तुम्ही वरून गोळी देऊन आतडं आणखी थांबवलंत."

पुढचं त्यांनी तिथेच बसून समजावलं. गुदाशयात मळाचा घट्ट गोळा अडकून राहिला की तो पुढे मूत्राशयाच्या वाटेवर दाबतो. लघवी तुंबते. तुंबून भरलं की वरचं तेवढं गळतं, आणि आपल्याला वाटतं लघवी तर होतेच आहे, उलट जास्तच होते आहे. म्हणजे आईच्या दोन्ही बाजूंनी गळत होतं आणि दोन्ही बाजूंनी तुंबलेलं होतं. अशी तुंबलेली माणसं, त्यातून म्हातारी आणि पाणी कमी प्यायलेली, एका रात्रीत भ्रमिष्टासारखी होतात. तो वेडेपणा नव्हे. अचानक आला आहे म्हणजे त्याला कारण आहे, आणि कारण काढलं की तो बहुतेक वेळा जातो. सिस्टरांनी एनिमा, म्हणजे मागच्या वाटेने आत सोडायचं औषध, घरी द्यायला नकार दिला. लघवी इतकी तुंबलेली असताना आधी रुग्णालय, म्हणाल्या. १०८ ला फोन केला. आमोण्याचा पूल, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे, मग बांबोळीचं सरकारी रुग्णालय. गाडीत मी आईचा हात धरून होतो आणि ती मला मामाच्या नावाने बोलावत होती.

तिथे लघवीची नळी घातल्यावर पिशवीत ८५० मिलीलिटर लघवी जमली. साधारण माणसाला चारशेच्या आसपास जोराची लागते. मग खड्याचं काम. ते एका दिवसात झालं नाही. आधी मऊ करणारा एनिमा, मग हातमोजा आणि जेली लावून ड्यूटीवरच्या सिस्टरनी बोटाने थोडा थोडा काढला. मध्ये थांबायच्या, नाडी बघायच्या, कारण हे करताना म्हाताऱ्या माणसाची नाडी मंदावून चक्कर येऊ शकते. म्हणून हे घरी आपण करायचं काम नव्हे. मी पडद्याच्या अलीकडे डोक्याशी उभा होतो. त्या सिस्टर आईला प्रत्येक वेळी आधी सांगत होत्या, "आता हात लावते हं आजी, श्वास सोडा." आई गुंगीत होती, तिला कळत नसेल असं मला वाटत होतं. तरीही त्यांनी एकदाही न सांगता हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी आई मला म्हणाली, तुझी दाढी वाढली आहे.

नळी ठेवूनच घरी पाठवलं, कारण ताणलेल्या मूत्राशयाला विसावा हवा होता. पाच दिवस नळी सांभाळायची. पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकवायची नाही. मी पहिल्याच दिवशी तिला कुशीवर वळवताना पिशवी उचलून पलंगावर ठेवली. सिस्टरांनी पाहिलं आणि ओरडल्या. पिशवीतली लघवी उलटी आत जाते आणि सोबत जंतू नेते. अर्ध्याच्या वर भरू द्यायची नाही. नळी मांडीला पट्टीने चिकटवायची, म्हणजे ओढ बसत नाही. नळी आणि पिशवीचा जोड उगाच सोडायचा नाही. हात धुवून, दिवसातून एकदा आणि प्रत्येक शौचानंतर साबणपाण्याने पुसायचं, पुढून मागे. मागून पुढे कधीच नाही.

मला वाटलं होतं, नळी असली की सुटलो. रात्रीची झोप मिळते, चादर कोरडी राहते. सिस्टरांना मी तसं बोलूनही दाखवलं, राहू द्या म्हटलं. त्या रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, नळी तुमच्या सोयीसाठी नसते. जितके दिवस आत, तितका जंतूंना रस्ता. सहाव्या दिवशी सकाळी नळी काढली. दुपारी बारापर्यंत आईला स्वतःहून लघवी झाली, नंतर सोनोग्राफीत आत राहिलेली फार थोडी निघाली. पोट आधी मोकळं झालं होतं म्हणून हे जमलं. खडा तसाच ठेवून नळी काढली असती तर पुन्हा तुंबली असती.

खरं काम इथून सुरू झालं.

सिस्टरांनी मला दोनशे पानी वही आणायला लावली. वेळ, किती प्यायली, किती लघवी झाली, कपड्यात झाली की कमोडच्या खुर्चीत, शौच कसं झालं. शौच कसं ते लिहायला त्यांनी ब्रिस्टलच्या तक्त्याचं चित्र दिलं. इंग्लंडच्या ब्रिस्टल शहरात तयार झालेला तो तक्ता, सात प्रकार. पहिला म्हणजे शेळीच्या लेंड्या, चौथा म्हणजे केळ्यासारखं मऊ, सातवा नुसतं पाणी. आम्हाला चौथ्यावर राहायचं होतं. तीन दिवस लिहिल्यावर माझ्याच डोळ्यांना दिसलं की आईची लघवी सुटते ती साधारण पावणेतीन तासांनी, आणि शौचाची कळ, आली तर, सकाळी पेज प्यायल्यावर अर्ध्या तासाने येते. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलतं, ते सकाळी सगळ्यात जास्त. मग आम्ही कळ येण्याची वाट बघायचं सोडलं. दर दोन तासांनी विचारायचं, "आई, जाऊया का?" आणि पेजेनंतर वीस मिनिटांनी खुर्चीवर बसवायचं, झालं नाही तरी दहा मिनिटं. जोर करायला लावायचा नाही.

कमोडची खुर्ची आणली तेव्हा तीन दिवस काहीच जमलं नाही. आई जन्मभर उकिडवी बसलेली. त्यात ती ठेंगणी, खुर्चीवर बसली की पाय लोंबकळायचे. सिस्टरांनी माजघरातला जेवणाचा पाट आणून तिच्या पायांखाली सरकवला आणि कोपरं गुडघ्यांवर टेकवून जरा पुढे वाकायला सांगितलं. चौथ्या दिवशी झालं. इथे एक सांगायलाच हवं. आईच्या हाडात सळई होती, खुबा बदललेला नव्हता, म्हणून हे चाललं. ज्यांचा खुबा बदलला आहे त्यांना काही आठवडे गुडघे कमरेच्या वर न्यायला मनाई असते. त्यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाट ठेवू नये.

ट्रामाडॉल डॉक्टरांनी बंद करून पॅरासिटामॉलवर आणलं. मळ मऊ करणारं लॅक्टुलोज सुरू झालं. शेजारच्या काकूंनी एरंडेल सुचवलं, मेहुण्याने इसबगोल पाठवलं. इसबगोल चांगलंच, पण ते पाणी शोषून फुगतं. पाणी कमी पिणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पोटात ते फुगून उलट बूच बसतं. ते फडताळातच राहिलं. जेवणात उकड्या तांदळाची पेज होतीच, तिच्यासोबत तांबडी भाजी, अळसांदे, पपई, सालदाटी केळी. पाणी दिवसाला दीड लिटर ठरलं. आईचं हृदय आणि मूत्रपिंड ठीक आहेत म्हणून तेवढं. ते एकदम नाही, पितळेच्या लहान पेल्याने, संध्याकाळी सातपर्यंत संपवायचं. कमी पाणी प्यायलं की लघवी कमी लागते ही तिची समजूत मोडायला सगळ्यात वेळ लागला. लघवी घट्ट झाली की मूत्राशयाला टोचते आणि उलट घाई होते. दुपारचा दुसरा चहा मात्र तिने स्वतःहून सोडला.

जांघेतली कातडी लाल होऊन सोलवटली होती. आम्ही टाल्कम पावडर भुरभुरत होतो, ती ओली होऊन गोळे धरत होती. ती बंद केली. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ सुती फडक्याने टिपायचं, घासायचं नाही, मग झिंक ऑक्साइडचा पातळ थर. दहा दिवसांत कातडी भरली.

मी आतापर्यंत आईची लाज हा विषय टाळत आलो. सकाळी साडेसातला बायको शाळेत गेली की घरात आम्ही दोघंच. पहिल्यांदा मी तिचा गाऊन वर करायला गेलो तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला. "पुता, म्हाका लज दिसता," म्हणाली. मी नऊ महिन्यांचा असल्यापासून तिने माझं काय काय धुतलं असेल, असं मी बोललो, तर ती म्हणाली, ते वेगळं. आणि खरंच ते वेगळं आहे. मी पुन्हा कधी ते बोललो नाही. सिस्टरांनी युक्ती सांगितली: कमरेवर जुनं लुगडं पांघरायचं, त्याच्या आतूनच सगळं करायचं, आणि जे तिला स्वतःला जमेल ते तिलाच करू द्यायचं. ओलं फडकं तिच्या हातात द्यायचं आणि आपण तोंड खिडकीकडे करायचं. वेळ दुप्पट लागायचा. पण हात धरणं थांबलं. "डायपर" हा शब्दही आम्ही घरातून काढला, "चड्डी" म्हणतो. गोवा सरकारच्या दयानंद योजनेचे, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना मिळणाऱ्या मदतीचे, महिन्याचे २,००० रुपये तिच्या खात्यात येतात, त्यातून त्या चड्ड्या तिच्याच पैशाने आणायच्या, असा तिचा हट्ट आहे. तो आम्ही मोडत नाही.

ऑगस्टच्या शेवटी दिवसाची चड्डी सुटली. रात्रीची अजून आहे. पहाटे चारच्या सुमाराला ती घंटी वाजवते, कधी मी पोचतो, कधी उशीर होतो. खोकला आला की थोडं गळतं. सिस्टरांनी खालचे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम दिला आहे, तो ती जप करताना करते.

चवथीला शेजारच्या घरी आरतीला जायचं म्हणून ती दोन दिवस आधीपासून विचारात होती. वॉकर घेऊन, नवं लुगडं नेसून, आत काहीही न बांधता ती गेली. गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात त्या माटोळीखाली खुर्चीवर तासभर बसली, मग मला खूण केली आणि आम्ही घरी आलो. मी दिवा लावेपर्यंत ती न्हाणीपाशी पोचली होती. तिथला उंबरा आता काढून टाकला आहे.

रात्री वहीत लिहायला बसलो तर त्या दिवसाची ओळ आधीच लिहिलेली होती. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेलं तिचं थरथरतं अक्षर: "संध्याकाळी ७.४०. खुर्चीत. कपडे कोरडे."