तुम्ही विचारलेत म्हणून: संवाद विभागातील माझ्या टेबलाविषयी

यवतमाळ जिल्ह्यातील एका स्वयंसेवी संस्थेच्या संवाद विभागात मी प्रशासकीय साहाय्यक आहे, असे सांगितले की पुढचा प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: "ताई, लेख लिहायला दुसरे, फोटो काढायला दुसरे, मग तुम्ही तिथे नेमके काय करता?" लग्नकार्यात नातेवाईक हा प्रश्न विचारतात, आणि अलीकडे बी. कॉम. होऊन एमएस-सीआयटी व मराठी टायपिंगचे प्रमाणपत्र घेतलेल्या मुली नोकरीच्या चौकशीला येतात, तेव्हा त्याही विचारतात. आजवर मी "ऑफिसचे काम" एवढे सांगून विषय संपवत आले. त्या मुलींसाठी तरी ते उत्तर पुरेसे नाही.

वरवर दिसणारे काम थोडक्यात सांगता येते. आवक-जावक नोंदवही ठेवणे, छापखान्यांकडून दरपत्रके मागवून त्यांचा तुलनात्मक तक्ता करणे, नागपूरहून एसटीच्या पार्सलने आलेले वार्तापत्राचे गठ्ठे मोजून घेणे, तालुक्याच्या वार्ताहरांना प्रेसनोट वेळेत पोचवणे, गावभेटीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी गाडी सांगणे आणि महिनाअखेरीस या सगळ्याची बिले व्हाउचरला जोडून लेखा विभागाकडे देणे. देणगीदारांची यादीही माझ्याकडे असते. आर्थिक वर्ष २०२१-२२पासून देणग्यांचे वार्षिक विवरण ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे द्यावे लागते; ते भरण्याचे काम लेखा विभागाचे, परंतु नाव, पत्ता आणि पॅन क्रमांक यांचा मेळ माझ्या यादीवरून घातला जातो, आणि तिथे एक आकडा चुकला तर देणगीदाराची करसवलत अडकते.

परंतु माझा खरा वेळ जातो तो माणसांची आणि गावांची नावे सांभाळण्यात. आमच्या भागात बोरगाव, वडगाव, पिंपळगाव ही नावे इतक्या ठिकाणी आहेत की नुसते गाव सांगून काहीच कळत नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामची गोष्ट मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगते. त्या गावाचे मूळ नाव शेगाव. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला गेले, त्यांची डाक बुलढाणा जिल्ह्यातील शेगावच्या नावाशी घोटाळू लागली, आणि अखेर १९४० मध्ये गावाचे नावच सेवाग्राम करण्यात आले. आमच्या यादीतील माणसांसाठी गावाचे नाव कोणी बदलणार नाही. त्यामुळे तालुका, पिनकोड आणि व्यक्तीचे पूर्ण नाव लिहिल्याशिवाय मी कोणतीही नोंद पक्की धरत नाही. ही सवय मला एका चुकीने लावली, आणि ती चूक माझी होती.

सहा वर्षांपूर्वी आमच्या वार्षिक अहवालात एका स्त्रीचा फोटो छापला गेला. तिच्या शेतकरी पतीने आत्महत्या केली होती. अशा कुटुंबाला सरकारकडून एक लाख रुपयांची मदत देण्याची तरतूद आहे, मात्र प्रत्येक प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्हास्तरीय समिती ठरवते, आणि तिचे प्रकरण अपात्र ठरले होते. दोन एकरांत कपाशी आणि तूर लावून व फावल्या वेळात शिवणकाम करून ती घर चालवत होती. फोटोओळीत मात्र असे छापले गेले की, सरकारी मदतीच्या रकमेतून शिलाई मशीन घेऊन ती उभी राहिली. ती ओळ दुसऱ्या एका स्त्रीची होती. दोघींचे पहिले नाव एक, आडनाव एक, गावाचे नावही एक. फक्त तालुके वेगळे आणि पतींची नावे वेगळी. फोटोंची फोल्डरे मी गावाच्या नावाने लावली होती आणि त्यांवर तालुका लिहिला नव्हता.

अहवालाची एक प्रत तिच्या ग्रामपंचायतीत पोचली आणि तिथून घरी. पैसे मिळाले होते तर लपवून का ठेवले, असे सासरच्या माणसांनी तिला विचारले. बाजाराच्या दिवशी ती कार्यालयात आली, अहवाल माझ्या टेबलावर उघडून ठेवला आणि म्हणाली, "ताई, हे पैसे कोणाले भेटले? माह्या सासऱ्याले मी काय सांगू?" आमच्या कार्यक्रम समन्वयकांबरोबर मी त्याच आठवड्यात तिच्या घरी गेले. संस्थेच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी चूक मान्य करणारे पत्र आम्ही तिच्या सासऱ्यांना वाचून दाखवले, त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला दिली आणि अहवाल ज्यांना पाठवला होता त्या सर्वांना तो परत मागणारे पत्र लिहिले. सासऱ्यांनी पत्र घडी घालून खिशात ठेवले. ते पुढे काही बोलले नाहीत.

त्यानंतर मी संमतीची स्वतंत्र नोंदवही सुरू केली. फोटो कोणाचा, कोणत्या तारखेचा, संमतीपत्रक कोणी वाचून दाखवले, कोणत्या भाषेत, कुठे छापायला परवानगी दिली, आजवर कुठे कुठे छापला आणि परवानगी मागे घेतली असल्यास केव्हा, हे सर्व तिच्यात असते. पूर्वीच्या संमतीपत्रकावर "प्रसिद्धीसाठी वापर" असे शब्द होते आणि त्याखाली अंगठा. त्या दोन शब्दांचा अर्थ आम्ही कोणाला समजावून सांगितला होता, याचा विचार करताना मला आजही अस्वस्थ वाटते. कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, तर अडचण आणखी मोठी, कारण कोलामी ही मराठीपासून वेगळी, द्राविडी कुळातली भाषा आहे, आणि मराठीत वाचून दाखवल्यावर म्हातारी माणसे पाहुण्याचा मान राखून होकार देतात. म्हणून आता पोडावरचीच कोणी शिकलेली मुलगी बरोबर घेऊन, छापील अहवाल हातात देऊन, "तुमचा फोटो असा दिसेल, तो नागपूर-मुंबईची माणसे पाहतील" असे सांगितले जाते. काही जण नको म्हणतात. तो नकार नोंदवताना मला समाधान वाटते, कारण आधीचे होकार किती कच्चे होते ते त्यावरून कळते.

मुलांच्या बाबतीत कायदाच कडक आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ७४नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करता येत नाही. त्यामुळे शाळेच्या पाटीसह काढलेला सुंदर फोटोही मला बाजूला ठेवावा लागतो आणि छायाचित्रकाराची नाराजी सोसावी लागते.

फॉन्टचा त्रासही सांगितला पाहिजे. आमचा जुना मजकूर कृतिदेव या युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये आहे. तो युनिकोडमध्ये बदलताना जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात, आणि वाक्यातला बिघडलेला शब्द वाचकाला अंदाजाने कळला तरी बिघडलेले आडनाव कळत नाही. म्हणून नावांची यादी मी मशीनवर सोपवत नाही. मूळ अर्जाशी एकेक नाव ताडून पाहते.

माझ्या मते या पदाला एक अधिकार असला पाहिजे, आणि तो आमच्या संस्थेने मला दिला आहे: नोंदवहीत संमती सापडली नाही तर छापखान्याकडे जाणारी फाइल मी थांबवू शकते. तो वापरणे सोपे नसते. निधी देणाऱ्या कंपनीला मार्चअखेर अहवाल हवा असतो, कोणाला तरी रडणारा चेहरा मुखपृष्ठावर हवा असतो, आणि माझ्यासमोर त्या बाईच्या नावापुढचा रकाना कोरा असतो. अशा वेळी क्षेत्र कार्यकर्त्याला फोन करून तिच्या घरी पाठवावे लागते. ती वेचणीला गेली असेल तर संध्याकाळपर्यंत थांबावे लागते.

त्या अहवालाच्या परत आलेल्या प्रती माझ्या मागच्या कपाटात, खालच्या कप्प्यात आहेत. सगळ्या परत आल्या नाहीत. विभागात नवीन मुलगी रुजू झाली की पहिल्या दिवशी मी त्यातली एक प्रत काढते आणि तिला तो फोटो, ती ओळ आणि शेजारी आमचे दुरुस्तीचे पत्र वाचायला देते.